बाबांची डुलकी

लेकीने शाळा सोडली, बोलणं सोडलं. दिवसभर डोकं उशीत. जगावंसं वाटत नसलेल्या एका मुलाचा सिनेमा तेवढा ती रोज दुपारी लावायची. सिनेमा तसा हसवणारा, पण कुणी फिरकलंच नाही म्हणून चार दिवसांत थिएटरमधून उतरलेला. बाबा शिलाईचं दुकान बंद करून तिच्याशेजारी बसायचे आणि शेवट आला की त्यांना हमखास डुलकी लागायची.

"डोळा लागला गं. जगला का तो पोरगा?"

"जगला."

"का म्हणे?"

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "माहीत नाही." आठवड्याने म्हणाली, "त्याच्या कुत्र्याला दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नाही." मग रोज नवं कारण निघायला लागलं. शेजारच्या आजीला मोबाइल कोण शिकवणार, सायकल नुकतीच दुरुस्त करून आणलेली, असं काहीबाही.

आज सिनेमा संपायच्या आधीच तिने आपली उशी उचलून बाबांच्या मानेखाली सारली.

"बाबा, खरी झोप लागली की तुम्ही घोरता. महिनाभरात एकदाही घोरला नाहीत."

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

"आज घोरलात तरी चालेल."