खणखणीत आवाज

डॉक्टर हेमांगी सबनीसांनी दात तपासायच्या आरशाच्या दांड्याने गोगटेकाकांच्या इम्प्लांटवर, हाडात स्क्रूने बसवलेल्या कृत्रिम दातावर, टकटक केलं. आवाज खणखणीत आला. याच आवाजावर सांगलीत त्यांचं नाव झालं होतं. "ऐका गोगटेकाका, स्क्रू हाडाशी एकजीव झालाय. जन्मभर हलणार नाही," असं तो बसवला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या.

"आता हा काढा आणि ते नवं इंजेक्शन द्या," काका म्हणाले. "खरा दात उगवतो त्याने."

"काढायला गेले तर जबडा फुटेल, काका. या वयात तो भरून येणार नाही."

"पण माझ्या भावालाही इम्प्लांट होता, त्याला आला की नवा दात!"

"त्यांचा इम्प्लांट कसा काढला?"

"काढावा लागलाच नाही. तुम्ही ज्यांच्या कामाला हसला होतात, त्या डॉक्टरांनी बसवलेला. वर्षभरात आपोआप निखळला." काकांनी तोंड पुसलं. "तुम्ही मात्र काम फारच चोख केलंत."