ओरेस्टची दाढी

गावचा आइस हॉकीचा संघ प्लेऑफच्या बाद फेऱ्यांत असेपर्यंत म्हातारा ओरेस्टच काय, गावातला एकही पुरुष दाढी करत नसे; केली तर संघ हरतो, अशी समजूत. तरी चाळीस वर्षं संघ पहिल्याच फेरीत नाक कापून घेत होता. यंदा निर्णायक सामना आला, तर ओरेस्ट इस्पितळात. “पोरी, मेलो तरी दाढीला हात लावू नकोस,” त्याने लेकीला बजावलं. संध्याकाळी त्याची शुद्ध हरपली. “दाढीमुळे ऑक्सिजनचा मास्क बसत नाहीये,” नर्स म्हणाली. “मी काढू, की तुम्ही?” टीव्हीवर खेळाडू बर्फावर उतरत होते. लेकीनेच वस्तरा घेतला. एक गाल झाला तोच समोरच्यांनी पहिला गोल ठोकला. दुसऱ्या गालाला दुसरा. सकाळी शुद्धीवर आलेल्या ओरेस्टचा हात गुळगुळीत हनुवटीवर गेला, तिथेच थांबला. “हरले ना?” लेकीला रडू फुटलं. “जाऊ दे,” तो पुटपुटला, “गावात कुणाला सांगू नकोस.”