मार्चमधली अदलाबदल

बळवंतरावांचा डोळा लागला तसा प्रमिलानं टेबलावरचा डबा हळूच पुढे ओढला. आत सकाळी बांधलेली बारावी फ्लाय होती. दोरा सैल, पिसं एका बाजूला कललेली. तिनं ब्लेडनं दोरा कापला, पिसं सोडवली आणि उघडा गळ पुन्हा चिमट्यात धरला. अदलाबदल उद्यावर आली होती.

फ्लाय म्हणजे गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. ट्राउट मासा तिला खरी समजतो आणि फसतो. मग बळवंतराव त्याला हातात घेतात, कौतुकानं बघतात आणि परत नदीत सोडून देतात. सोडायचाच तर धरायचा कशाला, हा प्रमिलाचा सत्तावीस वर्षांचा प्रश्न. कॅनडातल्या या अख्ख्या केंब्रिज गावात त्याचं उत्तर तिला कुणी दिलं नव्हतं.

हिवाळ्यात ही मंडळी घरात बसून फ्लाय बांधतात आणि एप्रिलची वाट बघतात. शेजारच्या ग्वेल्फ शहरात दर शनिवारी त्यांचा क्लब भरतो. मार्चच्या शेवटच्या शनिवारी अदलाबदल असते. प्रत्येकानं एकाच जातीच्या बारा फ्लाय आणायच्या, प्रत्येकीला आपल्या नावाची चिठ्ठी लावायची आणि बारा जणांच्या बारा घेऊन घरी जायचं. पुढे कुणाची गाठ नदीत सुटली, की बदनामी सगळ्या क्लबभर होते. बळवंतरावांची गाठ आजवर सुटली नव्हती. कारच्या कारखान्यात तीन बढत्या मिळाल्या, त्यांचंही त्यांना एवढं अप्रूप नव्हतं.

आणि गेल्या ऑक्टोबरात त्यांचे हात थरथरायला लागले. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरू लागले. डॉक्टरांकडे एकटेच जाऊन आले. "वय झालं, दुसरं काय," एवढंच म्हणाले. पायऱ्या नकोत म्हणून त्यांनी फ्लायचं टेबल बेसमेंटमधून वर आणलं आणि प्रमिलाच्या सोफ्याला खेटून मांडलं. मोठमोठ्यानं बोलत काम करायची नवी खोडही लागली. "आधी शेपटी. मग दोरा, घट्ट. आता पीस, तीन वेढे. गाठ." बोलणं अचूक असायचं, हात मात्र ऐकायचे नाहीत.

त्या सोफ्यावर प्रमिला गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून बसून होती. अक्षता गेली तेव्हापासून. तिशीची मुलगी, हायवेवरचा बर्फ, समोरून आलेला ट्रक. त्यानंतर प्रमिलाचं बोलणंच आटलं. ताट पुढे केलं तर जेवायची, नाहीतर तेही नाही. काउन्सेलरचं कार्ड फ्रिजवर लावलेलं होतं, ते तसंच राहिलं. घराचा उंबरा तिनं ओलांडला नव्हता.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी मात्र शेजारची ती वाकडी फ्लाय तिला बघवेना. मुलगी गेली, आता या माणसाच्या हातातलं एवढंही जायचं? ती उठली, चष्मा शोधला. पहिल्या तीन फ्लाय तिच्या हातातच उलगडल्या. चौथी टिकली. तेव्हापासून रोज बळवंतराव जेवून आडवे झाले, की ती कामाला लागायची. दुपारच्या जेवणाची वेळ आता तीच पाळायची, उशीर झाला तर कुरकुरायची.

आजही शेवटची गाठ मारून ती सोफ्यावर टेकली, तेवढ्यात बळवंतराव जागे झाले. त्यांनी डबा उघडला.

"अगं, बघ. गोंद वाळल्यावर बरी बसली की!"

"तुमचाच हात तो," प्रमिला म्हणाली आणि खिडकीकडे वळली. हसू आलेलं त्यांना दिसायला नको होतं.

शनिवारी दहाला बळवंतराव ग्वेल्फला गेले. अकराला प्रमिलाची नजर टेबलावर गेली आणि ती दचकली. डबा तिथंच होता.

तिनं फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. बारा वाजता अदलाबदल सुरू व्हायची. रिकाम्या हातानं उभे राहिलेले बळवंतराव तिला दिसायला लागले. हातांचं तरी तिनं झाकलं होतं, आता विसरभोळेपणाही चारचौघांत उघडा पडणार. तिनं जॅकेट अडकवलं, मागच्या वर्षीचे बूट शोधून काढले आणि शेजारच्या अवंतिकाचं दार वाजवलं.

अवंतिका बघतच राहिली. "काकू! तुम्ही? इज एव्हरीथिंग ओके?"

"मला ग्वेल्फला सोडतेस? आत्ता?"

"रोडवर ब्लॅक आइस आहे, काकू. आर यू शुअर?"

बर्फाचं नाव निघताच प्रमिलाची नजर रस्त्याकडे गेली. तिनं डबा छातीशी धरला.

"तुझ्या गाडीला विंटर टायर्स आहेत ना? मग चल. हळू चालव."

हायवे आला तेव्हा प्रमिलानं डोळे मिटून घेतले. पण परत फिर, असं ती म्हणाली नाही.

क्लबच्या हॉलच्या दारात एक पांढऱ्या केसांची गोरी बाई यादी घेऊन बसली होती. तिनं आधी डब्याकडे पाहिलं, मग प्रमिलाकडे.

"यू मस्ट बी प्रमिला!" ती उठूनच उभी राहिली. पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून इंग्रजीत म्हणाली, "ती तुमची. बळवंत ऑक्टोबरपासून तिथं कुणाला बसू देत नाही."

प्रमिलाला काही उमजेना. डबा द्यायला ती त्यांना शोधू लागली. हॉलमध्ये अंधार होता आणि सगळे पुढच्या मोठ्या पडद्याकडे बघत होते. खालच्या टेबलावरच्या कॅमेऱ्यातून पडद्यावर कुणाचे तरी हात दिसत होते, फ्लाय बांधून दाखवत. गळ तांदळाच्या दाण्याएवढा. वेढ्याला वेढा लागून बसत होता, बोटं तसूभर हलत नव्हती. यांचेही हात एके काळी असेच होते, असं तिच्या मनात आलं.

गाठ बसली. टाळ्या झाल्या, दिवे लागले. पडद्याखालच्या टेबलाशी बसलेल्या माणसानं मान वर करून त्या खुर्चीकडे पाहिलं, मग दाराकडे. ते बळवंतराव होते. कॅमेरा अजून त्यांच्याच हातांवर रोखलेला होता, आणि ते हात जराही थरथरत नव्हते.