उंचावलेला तळहात

दुपारपर्यंत मौन हा माझा रोजचा नेम. पाणथळीतली दुर्मिळ रानफुलं बघतानाही तो पाळत होते. “लाकडी वाट सोडू नका, इथला चिखल माणूस गिळतो,” रखवालदार बजावत होता. एवढ्यात माझी नात ठकी जांभळ्या फुलासाठी वाटेवरून उतरली, घोट्यापर्यंत रुतली आणि माझ्याकडे बघू लागली. ‘थांब’ म्हणून मी तळहात उंचावला. ती हसली, तिनं हात जोडले आणि पुढचं पाऊल टाकलं. मग मला उमगलं. रोज शाळेला निघताना ती नमस्कार करते, तेव्हा मी असाच हात उंचावून आशीर्वाद देते! “ठके, थांब!” मी किंचाळले. रखवालदारानं तिला कमरेएवढ्या चिखलातून ओढून काढलं. “आजी, तुझं मौन मोडलं,” रडत ती पाया पडली. सवयीनं माझा हात उठला, तो मी खाली घेतला, तिला पोटाशी धरून मोठ्यानं म्हटलं, “सुखी राहा.”