बाईंची नवी कवळी

कवळीवाल्यानं दाराशी ठेवलेली पिशवी उचलून आतल्या खोलीत नेली, पलंगाखाली सरकवली आणि तो दुकानात परत आला. आरसा पुसला. खिडकीतून रस्ता पाहिला. वळला, तर पिशवी पुन्हा दाराशी. सकाळपासून हे असंच चाललं होतं. पिशवीला पाय फुटले होते, आणि ते पाय सध्या स्वयंपाकघरात उभे आहेत हेही त्याला ठाऊक होतं. पण बायकोशी वाद घालायचा तर तोंड नीट उघडावं लागतं, आणि हा सगळा संसार मिशीखालून बोलून करणारा माणूस.

पिशवी मुलीची होती. दुपारच्या बसनं ती चित्रकलेच्या कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला निघाली होती. निदान तिची आणि तिच्या आईची तशी समजूत होती.

"चित्रं चावून पोट भरत नाही," तो म्हणाला. "त्याला दात लागतात."

मुलगी टेबलाशी बसून ब्रश धूत होती. तिनं जे करून ठेवलं होतं, ते तिच्यासमोर वाटीतल्या पाण्यात पडलं होतं.

शाळेतल्या जुन्या बाईंची नवी कवळी. पोरीला नुसती पॉलिश करायला दिली होती. कवळीवाल्याच्या हातच्या कवळ्यांची ख्याती अशी, की वीज गेली तर त्याची गिऱ्हाइकं हसत हसत जिना उतरायची, मेणबत्ती लागायची नाही. आणि पोरीनं काय केलं? सगळे दात चहा मुरल्यासारखे पिवळसर करून ठेवले. समोरचा एक घासून किंचित तिरपा केला. त्याच्या शेजारच्यावर केसाएवढी उभी चीर काढली.

"मी चौथीत होते तेव्हा बाईंचे दात असेच होते, बाबा."

"असे होते म्हणूनच पडले ना." तो खिडकीशी गेला, परत आला. "बाई आल्या की बघू. त्यांनी ही तोंडातून काढून माझ्या हातावर ठेवली, तर पिशवी रिकामी करायची आणि एप्रन चढवायचा."

"आणि नाही काढली तर?"

"काढतील."

बाईंना निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण त्या गल्लीत शिरल्या की दोन्हीकडची कुत्री अजून रांगेत बसायची. आज कुत्री बसलेली दिसली तसा कवळीवाल्यानं खुर्चीवरचा टॉवेल झटकला, पुन्हा घातला, पुन्हा झटकला.

बाई खुर्चीत बसल्या. जुनी, ढिली झालेली पांढरीशुभ्र कवळी त्यांनी रुमालात ठेवली आणि नवी बसवून घेतली.

"हं. आता हसा बघू," कवळीवाला सवयीनं म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. आरशाजवळ वाकल्या. जिभेनं समोरचा दात चाचपला, मग शेजारचा.

"हे कुणी केलं?"

मुलगी हात मागे बांधून उभी राहिली. "मी, बाई."

"माझा हा दात तिरपा होता, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. गणिताच्या तासाला बघायचे."

"आणि गणित?"

"ते नाही आलं, बाई."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग कवळीवाल्याकडे वळल्या. "या दातापायी मी जन्मभर तोंडावर हात धरून हसले. पडला तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. आणि तुमच्या लेकीनं तो परत आणून बसवला. मला दुसरी करून द्या. पांढरी."

"देतो ना, बाई." कवळीवाल्याच्या छातीवरचा धोंडा सरकला. त्यानं तळहात पुढे धरला. "काढा ती."

बाईंनी तळहाताकडे पाहिलं. जाता जाता एकदा आरशात पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, त्यांना हसू फुटलं, आणि हात आपसूक तोंडावर गेला.

"काढते हो," त्या हाताआडून म्हणाल्या. "आधी ह्यांना दाखवून येते. तुमची पहिली कवळी बसवल्यापासून हे मला रोज सकाळी विचारतात, कोण हवंय आपल्याला?"

आणि त्या निघाल्या. हात तोंडावर तसाच. कुत्री संभ्रमात पडली. अर्धी उठली, अर्धी बसून राहिली.

कवळीवाल्याचा तळहात अजून पुढेच होता.

"डबा पिशवीत वरच ठेवलाय गं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"त्या परत येणार आहेत," तो म्हणाला. त्यानं तळहात पाठीमागे नेला, खिशात घातला, बाहेर काढला. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला.

मुलीनं पिशवी खांद्याला लावली. "बाबा, निघते."

"हं."

ती पायरी उतरली, तेव्हा तो दारापर्यंत आला.

"ए, थांब. बाईंचे एवढे आठवतात. माझे कागदावर काढता येतील तुला? असेच, न बघता?"

ती थांबली. खरंच विचार करू लागली. त्याच्या मिशीकडे बघत राहिली, लहानपणापासूनचं सगळं आठवून झाल्यासारखी, आणि तिचा चेहरा जरा पडला.

"नाही बाबा. तुमचे कधी पाहिलेच नाहीत."

बस गेली. कवळीवाला दुकानात आला. खिडकीशी गेला, तिथून टेबलाशी, टेबलापासून पुन्हा खिडकीशी. पिशवीची जागा ओलांडताना उगाच लांब ढांग टाकली. शेवटी आरशासमोरच्या खुर्चीत बसला. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं, दोन बोटांनी मिशी वर धरली आणि आरशातल्या माणसाला हलकेच म्हणाला, "हं. आता हसा बघू."