भिंतीवरची पालखी

"चित्रात पुढच्या दांड्याखाली कोण हाय? विठू. मग मान विठूच्या घरचा. यंदा पुढचा दांडा सदू घेईल," गावकर म्हणाले आणि त्यांनी पानाचा डबा मिटला.

"अहो, पण ते चित्र मीच काढलंय!" दादू ओरडला.

"म्हणून तर सांगतो. मान तुझ्या बापाचा असता, तर तू दुसऱ्याचा बाप काढला असतास होय?"

देवळात हशा पिकला. विठूचा सदू तेवढा हसला नाही. तो खाली बघत होता.

भावकीच्या भांडणात पालखी चाळीसहून अधिक वर्षं कुलपात पडली होती. आता तडजोड झाली आणि या शिमग्याला ती पुन्हा घरोघरी जाणार होती. पण कुणी कुठे खांदा लावायचा हे सांगणारे जाणते गडी सगळे वर गेले होते. गावकर तेव्हा शेंबडं पोर. राहता राहिली देवळाची भिंत, आणि भिंतीवर दादूनं तेविसाव्या वर्षी रंगवलेली पालखी.

चित्र मोठं झकास होतं, यात वाद नाही. मागे कातळाचा सपाट सडा, खाली भातखाचरांचे रिकामे कोपरे, आरत्या घेतलेल्या बायका, ढोलाला भिऊन पळणारं कुत्रं. समोर बघून दादूनं काहीच काढलं नव्हतं. जे आठवलं ते आठवणीतून, उरलं ते मनातून. वाडीखालच्या पऱ्याला पावसाळ्यातही गुडघाभरच पाणी, तर त्याच्या जागी त्यानं खाडी काढली आणि तीत शिडाचं गलबत सोडलं. आता गावातली शहाणी माणसं पाहुण्यांना सांगतात, पूर्वी इथवर गलबतं यायची!

"तसाच विठूही मी मनातून काढला," दादू म्हणाला. "त्यानं पालखीला कधी हात लावला नव्हता. पुढचा दांडा माझ्या वडिलांचा, गंगारामांचा. माझं त्यांच्याशी वाकडं होतं, म्हणून त्यांना गाळलं."

"काय तरीच काय! मी बारका असताना विठूला पालखी नाचवताना बघितलाय," एक म्हातारा म्हणाला. दुसऱ्यानंही मान डोलावली.

"रोज तेच चित्र बघून तुमच्या डोक्यात बसलंय ते!" दादू कळवळून म्हणाला. पण ऐकतो कोण?

वाकडं होतं ते रंगांवरून. गंगारामनं दादूचे कुंचले चुलीत घातले होते. "भिंती रंगवून पोट भरत नाय," एवढंच बोलला होता. पुढे गावानंच देवळाची भिंत दिली, तेव्हा दादूनं डाव साधला. बापाची जागा त्यानं विठूला दिली, कारण अख्ख्या वाडीत विठूइतका गरीब गडी दुसरा नव्हता. चित्र पुरं झालं त्या दिवशी गंगाराम देवळात आला. हात मागे बांधून बराच वेळ उभा राहिला.

"हा विठू ना?"

"होय."

"बरा आलाय," म्हणून तो निघून गेला. दादूला वाटलं, बसला बाण. दुसऱ्या दिवशी त्यानं मुंबईची एसटी धरली. पुन्हा आला तो दीड वर्षानं, बापाच्या बाराव्याला.

आता त्याचा मुलगा ऋत्विक रजा टाकून येणार होता. बाबा, पालखी पहिली माझ्याच खांद्यावर ना, असं त्यानं फोनवर दोनदा विचारलं होतं. दादूला स्वतःसाठी काही नको होतं. बापाकडून हिसकावलेला मान त्याच्याच नातवाच्या खांद्यावर दिसला की तो सुखानं डोळे मिटणार होता.

साक्षीला एकच माणूस उरलं होतं. वाडीतलीच आनंदीबाई, नव्वदीची, आता लेकीकडे वेळणेश्वरला राहणारी. दादू रिक्षा करून तिला घेऊन आला.

"चितारतोस अजून?" तिनं वाटेत विचारलं.

"नाही काकी. मुंबईत दुकानांच्या पाट्या रंगवल्या जन्मभर."

"आणि ता देवलातला चित्र? हाय अजून?"

"आहे."

"मग मला कशाला नेतस?" म्हातारी म्हणाली आणि बाहेर बघत बसली. वय झालं की माणूस असंच काहीबाही बोलतं, दादूनं मनाशी म्हटलं.

देवळात तिला खांबाला टेकून बसवलं. गावकरांनी मोठ्यानं विचारलं, "काकी, पालखीचा पुढचा दांडा कुणाचा?"

"गंगारामचा. त्याच्या बापाचा, आज्याचा. दुसऱ्या कुनाचा?"

दादूचे डोळे भरून आले. सदू उठून दाराबाहेरच्या वहाणांकडे निघाला. त्याची काहीच तक्रार दिसली नाही.

"म्हणजे चित्र खोटं?" गावकरांनी विचारलं.

"खोटा कसा?" म्हातारी चिडली. "दादू ममईला गेला, त्याच्या फुडल्या शिमग्याला गंगारामान आपल्या हातान दांडा विठूच्या खांद्यावर ठेवलान. विठू बिचारा नको नको म्हनत व्हता, रडत व्हता. तवा गंगाराम सगल्या गावासमोर बोललान, घे रे विठू, माज्या पोराचा चित्र खोटा पडाय नको."