काचेच्या अलीकडे

काचेपलीकडे जयदीप शर्टाची बटणं सोडून आरामखुर्चीत रेलला होता, आणि त्याच्या उघड्या छातीवर स्वरूपाची मुलगी झोपली होती. मुलगी तशी दोघांचीच, पण गेले सहा दिवस स्वरूपाला ते पटत नव्हतं.

सातवा सरता सरता तिला फ्लू झाला, छातीत उतरला, आणि बाळ आठ आठवडे आधीच आलं. एक किलो चारशे ग्रॅम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खोकला थांबून रिपोर्ट येईपर्यंत आईने जवळ जायचं नाही; अंगाची ऊब दुसऱ्या कुणीतरी द्यायची. सासर-माहेर दोन्ही साताऱ्याकडे, दिल्लीत जयदीपशिवाय होतं कोण? म्हणजे ताप हिचा, कळा हिच्या, आणि सुख त्याचं. ज्याला घरी दुधाचं पातेलं धड उतरवता येत नाही, तो आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला. वर रोज फोन करून सांगायचा, "आज तिने माझं बोट धरलं, यार!" स्वरूपाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

सिस्टर बाहेर आली. "मॅडम, आपकी रिपोर्ट क्लियर है. हाथ धोकर आ जाइए."

स्वरूपाने कोपरापर्यंत हात तीनदा धुतले.

"पाच मिनिटं थांबतेस?" जयदीप हळूच म्हणाला. "आत्ताच झोपलीय."

"ऊठ."

मुलगी तिच्या छातीवर आली, वळवळली आणि बारीक आवाजात रडायला लागली. सहा दिवसांत ही त्याचीच होऊन गेली, असं वाटून स्वरूपाचे डोळे भरून आले.

"जरा डावीकडे घे," जयदीप म्हणाला. "तिला ठोका ऐकायला लागतो."

"मला शिकवू नकोस. साडेसात महिने माझाच ऐकलाय तिने."

तरी तिने मुलीला डावीकडे घेतलं. रडणं थांबलं. त्याचंच खरं निघालं, याचाही तिला राग आला.

तेवढ्यात जयदीप खोकला. कोपरात तोंड लपवून पुन्हा एकदा.

सिस्टरने मान वर केली. "भैया, कब से?"

"अभी-अभी. पोल्यूशन है, सिस्टर. दिल्ली में कौन नहीं खाँसता?"

"टेस्ट होने तक आप बाहर."

तो बाहेर गेला आणि मास्क लावून काचेशी उभा राहिला. एकदा तरी याला तिथे उभं करायचं, मग कळेल, असं स्वरूपाने सहा दिवस घोकलं होतं. आता तिने मुद्दाम मान वळवून बघितलं.

त्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तो मुलीकडे बघत होता. शर्टाची बटणं अजून उघडीच होती.